जुनी मोटारसायकल घरी दुरुस्त करताना: आधी सुरू करा, मग खोला

वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली मोटारसायकल हाती आली की पहिली उबळ येते ती सगळं खोलून टाकायची. ती आवरा. मी पाहिलेल्या अर्धवट गाड्या जवळपास सगळ्या याच घाईत अडकल्या. दोन दिवसांत सांगाडा उघडा होतो, नट-बोल्ट एका डब्यात जातात आणि सहा महिन्यांनी कुठला वायसर कुठला हे कुणालाच आठवत नाही. म्हणून क्रम असा ठेवा की गाडी शक्य तितके दिवस गाडीच राहील. सुरू झालेलं इंजिन आपलं दुखणं स्वतः सांगतं, सुट्या भागांच्या ढिगातून ते शोधत बसावं लागतं.

हात लावण्याआधी कागदपत्रांवरचे इंजिन आणि चासीचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी पडताळा. नंबर जुळत नसतील तर त्या गाडीवर एक दिवसही घालवू नका. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. खाली दिलेली मापं साधारण आहेत, शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

इंजिन फिरतं का?

किकवर उभं राहू नका. आधी प्लग काढा आणि टॉप गिअरमध्ये मागचं चाक हाताने हळूच पुढे-मागे करून पाहा. चाकाबरोबर इंजिन फिरलं तर उत्तम. जाम असेल तर बहुधा पिस्टनवरच्या रिंगा गंजाने बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, धरलेल्या असतात. प्लगच्या भोकातून डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल समप्रमाणात मिसळून दोन-तीन चमचे सोडा आणि भोक फडक्याने झाका. मग थांबा. दोन दिवस, चार दिवस, गरज पडली तर दोन आठवडे. रोज एकदा चाक हलकेच हलवा आणि थोडं मिश्रण परत घाला. इथे जोर लावला तर रिंग तुटते आणि तिचा तुकडा बोअर ओरबाडतो. चार दिवस थांबून वाचलं असतं ते काम मग लेथवर जातं.

सुटल्यावरही प्लग लगेच बसवू नका. सिलिंडरमध्ये द्रव साचलेला असताना किक मारली तर पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही, कारण द्रव दाबला जात नाही. अशाने कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लगशिवाय दहा-पंधरा वेळा इंजिन फिरवून सगळं बाहेर उडू द्या, तेव्हा चेहरा भोकासमोर आणू नका. रिंगांवरून काही मिश्रण खाली उतरलेलं असतं, म्हणून इंजिन ऑइलही बदला.

करंट आणि पेट्रोल

प्लग टोपीत बसवून त्याचं धातूचं अंग इंजिनला टेकवा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि किक मारा. निळसर, कडक ठिणगी हवी. पॉइंटच्या (ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचच्या) गाडीत ठिणगी येत नसेल तर आधी पॉइंटकडे पाहा, नुसतं उभं राहूनही त्यांच्या तोंडावर थर चढतो. बारीक पॉलिश पेपर फिरवा, कोरा जाड कागद ओढून तोंड पुसा आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) फट लावा. बहुतेक गाड्यांना ०.३५ ते ०.४० मिलिमीटर चालते. प्लगची फट साधारण ०.६ ते ०.७.

कार्बोरेटर मात्र खोलावाच लागतो, कारण जुनं पेट्रोल उडून गेल्यावर मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. तो नेमका पायलट जेटमध्ये (आयडलला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाच्या नळीत) बसतो आणि गाडी आयडलला टिकत नाही. जेट पितळेचे असतात. त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं तर ते दिसत नाही, पण गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागते. जेट कार्बोरेटर साफ करायच्या द्रावणात भिजवून दोन्ही बाजूंनी हवा मारा आणि उजेडाकडे धरून आरपार दिसतं का ते पाहा. त्याआधी रबरी ओ-रिंग आणि डायफ्राम काढून बाजूला ठेवा, ते द्रावणात फुगतात. एअर स्क्रू काढण्यापूर्वी तो पूर्ण आत जायला किती वेढे लागतात ते मोजून लिहून ठेवा.

टाकीतला गंज घरी नीट निघतो. कॉक आणि टोपण काढा, भोकं बंद करा आणि लिटरला ५० ते १०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड कोमट पाण्यात विरघळवून रात्रभर भरून ठेवा. पापुद्रे सुटत नसतील तर मूठभर नट आत टाकून हलवा, पण टाकताना मोजा आणि काढतानाही मोजा. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आतून धुवा, म्हणजे आम्ल मरेल. खरी परीक्षा यानंतर. उघडं पडलेलं लोखंड काही मिनिटांतच पुन्हा तांबूस होऊ लागतं, म्हणून लगेच हवेने कोरडं करा आणि पेट्रोलमध्ये थोडं ऑइल मिसळून ते आत सगळीकडे फिरवा. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग करू नका. रिकाम्या टाकीत राहिलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते.

टाकी तयार होईपर्यंत छोट्या बाटलीतून नळीने ताजं पेट्रोल देऊन इंजिन सुरू करून पाहा. हे मोकळ्या हवेतच करा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हवेवर थंड होणारं इंजिन जागेवर दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. सुरुवातीला पांढरा धूर येईल, ते आपण ओतलेलं मिश्रण जळतंय. ते संपल्यावर फोर-स्ट्रोक गाडी निळा धूर सोडतच राहिली तर ऑइल जळतंय.

इंजिन खोलून पुन्हा बांधायचं की नाही?

हा निर्णय कानाने घेऊ नका. इंजिन गरम असताना प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज लावा, अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरा आणि काटा थांबेपर्यंत किक मारा. आकडा मॅन्युअलपेक्षा बराच कमी आला तर चमचाभर इंजिन ऑइल आत सोडून परत मोजा. आकडा चढला तर दोष रिंगा-बोअरचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. त्याआधी थंड इंजिनवर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची मोकळीक, लावलेले असावेत. आवळलेल्या टॅपेटमुळेही कॉम्प्रेशन पडतं आणि चांगलं हेड उगाच उतरवलं जातं. आकडा बरा आला तर इंजिन उघडू नका. ज्याला गरज नाही ते न खोलणं हीसुद्धा कारागिरी आहे.

खोलणं

आता पाने हातात घ्या, पण एका वेळी एकच भाग: पुढचं चाक, मग चिमटा (पुढचा फोर्क), मग हँडल. प्रत्येक भागाची वेगळी पिशवी आणि त्यावर चिठ्ठी. 'डावीकडचा वरचा बोल्ट, लांब, वायसर आतल्या बाजूला' असं लिहा, नुसतं 'बोल्ट' नको. वायरिंग आणि केबली कुठून कशाखालून गेल्यात याचे फोटो सोडवण्याआधी काढा. इंजिन केसिंगचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर केसिंगचा आकार काढून त्याच जागी भोकात खोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर केसिंग फुटते.

जपानी गाड्यांवरचे फुलीचे स्क्रू दिसायला साध्या फिलिप्ससारखे असले तरी ते जेआयएस, म्हणजे जपानी प्रमाण मापाचे असतात. साध्या ड्रायव्हरने त्यांची तोंडं झिजतात. जेआयएस टोक वापरा आणि घट्ट बसलेल्याला इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून हातोडी मारा. जुन्या ब्रिटिश गाड्यांचं दुखणं वेगळं. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेल्या मापांचे बोल्ट त्यांच्यावर सापडतात. त्यांच्या आट्यांचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. जवळपास बसतोय म्हणून मेट्रिक बोल्ट पिळला की आटे गेलेच. अॅल्युमिनियममध्ये अडकलेल्या पोलादी बोल्टला उष्णता द्या. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून पकड सुटते.

बांधणी

हेड-सिलिंडर उतरवावंच लागलं तर क्रँककेसचं तोंड आधी फडक्याने बुजवा, पिस्टन पिनचं सर्क्लिप (पिन जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) हमखास तिकडेच उडी मारतं. ते पुन्हा वापरू नका. पिस्टनची दिशा काढण्यापूर्वीच नोंदवा. नवी रिंग एकटीच बोअरमध्ये ठेवून पिस्टनने सरळ ढकला आणि टोकांमधली फट मोजा. बोअरच्या दर २५ मिलिमीटरला साधारण ०.१ मिलिमीटर हा जुना अंदाज. बसवताना रिंगवरचं अक्षर वरच्या बाजूला. बोअरमध्ये नखाला अडणारी रेघ असेल तर तो रिबोअरला (मशीनवर थोडा मोठा कोरून घ्यायला) द्या. रेघेवर नव्या रिंगा बसवणं म्हणजे रिंगा वाया घालवणं. हेडचे नट फुलीच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळा. अॅल्युमिनियममधल्या ६ मिलिमीटर बोल्टला १० न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं. हाताच्या अंदाजाने त्याच्या दुप्पट सहज होतं.

रंग कसा द्यायचा ही आवडीची बाब आहे, त्याची जागा मात्र ठरलेली: यांत्रिक काम संपल्यावर. मूळ रंग फिका पण शाबूत असेल तर मी तो ठेवेन, कारण तो पुन्हा मिळत नाही. सांगाडा रंगवताना बेअरिंगच्या बैठका, आटे आणि अर्थिंगची जागा झाका. अर्थिंगवर रंग गेला की दिवे मिणमिणतात आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

ब्रेकमध्ये काटकसर नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममध्ये हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. डिस्क असेल तर सील आणि ब्रेक फ्लुइड नवं, ते हवेतलं पाणी शोषतं. टायर दिसायला कितीही चांगला असो, बाजूवर तारीख पाहा. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे, तो चालवू नका.

वायरिंगमध्ये हिरवट पडलेले जोड कापून नवे करा आणि फ्यूज हवाच. १२ व्होल्टची चार्ज झालेली बॅटरी सुमारे १२.६ दाखवते. इंजिन रेस केल्यावर तो आकडा १४ च्या आसपास गेला की चार्जिंग ठीक.

पहिली फेरी छोटी असू द्या आणि अॅक्सिलरेटर एकाच जागी धरून ठेवू नका. ५० किलोमीटरनंतर गाडी रात्रभर थंड होऊ द्या, मॅन्युअल सांगेल तसे हेडचे नट, टॅपेट आणि चाकांच्या तारा पुन्हा तपासा. ऑइल गरम असताना काढून पांढऱ्या फडक्यातून गाळा. नव्या रिंगा बसत असताना बारीक चमकती भुकटी दिसणारच. बोटांना टोचणारा तुकडा लागला तर गाडी तिथेच थांबवा आणि पुठ्ठ्यावर खोचलेले स्क्रू कुठे होते ते पुन्हा काढा.