दरोड्यातला खून: अपिलात आधी काय पाहावं

औरंगाबाद खंडपीठात अपिलाची मुदत ६० दिवस, फाशी असेल तर ३०. निकालपत्राआधी जप्ती पंचनामा वाचा. खरं पाणी तिथेच मुरतं. शेतवस्तीवरून लुटलेली बोरमाळ आरोपीकडे सापडली, एवढ्यावर खून सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘सांवत खान’ खटल्यात हेच म्हटलंय. घटना आणि जप्तीत किती दिवस गेले? दागिना जागेवरच सीलबंद केला का? ओळख पटवताना तसेच दुसरे दागिने मिसळले का? सोनाराची पावती नसली तरी घरची बाई दागिना ओळखते. पण खुणा फिर्यादीत नसतील तर तिथेच बोट ठेवा.

दरोड्यातल्या खुनाच्या कलमाला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१०(३) ला (१ जुलै २०२४ आधीच्या गुन्ह्यांना भारतीय दंड विधान, भादंवि ३९६), किमान पाच जण लागतात. दोघे सुटून तीन उरले, तर सोबत आणखी अनोळखी साथीदार होते असा निष्कर्ष निकालात हवा. नसेल तर हे कलम टिकत नाही, आणि खुनासाठी समान इरादा वेगळा सिद्ध करावा लागतो.