मे महिन्यात सर्व्हर बसतो तेव्हा: सोलापूरच्या वाढत्या धंद्याने टाळायच्या चुका

आपल्याकडे युनिफॉर्मच्या धंद्याला जोर येतो तो मार्च ते जून. शाळा जूनमध्ये उघडतात, त्याआधी माल दुकानात पोचलेला हवा. सगळ्यात जास्त बिलं, माल पाठवताना लागणारी ई-वे बिलं सगळ्यात जास्त आणि कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त माणसं याच महिन्यांत. नेमकं तेव्हाच सोलापूरचं ऊन बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेलं असतं आणि लाईट कधी जाईल याचा भरवसा नसतो. आपला सीझन आणि आपला उन्हाळा एकदमच येतो. इथल्या कारखान्यांत आणि पेढ्यांत वायरी ओढता ओढता, सर्व्हर उचलता उचलता मला कळलेलं एवढंच आहे की यंत्रणा मे महिन्यात टिकेल अशी बसवायची, पण बाराही महिने मेच आहे असं समजून पैसा ओतायचा नाही. बहुतेक ठिकाणी याच्या बरोबर उलटं झालेलं दिसतं.

आधी सर्व्हर, मग हिशोब

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून ऐन मेमध्ये फोन आला. दुपारी दोन-अडीचला सर्व्हर आपोआप बंद पडायचा आणि संध्याकाळी सहानंतर सुरळीत चालायचा. आधीच्या माणसाने पॉवर सप्लाय बदलला होता, रॅम बदलली होती. सर्व्हर ठेवला होता पत्र्याखालच्या माळ्यावर, कारण खाली जागा कटिंगच्या टेबलांना लागते. कॅबिनेटला तळहात लावला तर ठेववेना. झाकण काढलं. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांत कापडाच्या बारीक तंतूंचा थर बसलेला, रजईतल्या कापसासारखा दाट. तो बोटाने अख्खाच्या अख्खा निघून आला.

औषध साधं होतं. सर्व्हर खाली ऑफिसात आणला, वायर काढून ब्लोअर मारला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर वाऱ्याने तो भन्नाट फिरतो आणि खराब होतो. त्या दिवसापासून बंद पडणं थांबलं. टॉवेलच्या कारखान्यात दर महिन्याला आणि शिलाईच्या कारखान्यात दोन महिन्यांतून एकदा ही साफसफाई झालीच पाहिजे.

त्याच दिवशी दुसरी गोष्ट लक्षात आली. सर्व्हर घेतला होता चाळीस माणसांच्या हिशोबाने आणि त्यावर बसत होती नऊ माणसं. मालक म्हणाले, "भाऊ, पुढे धंदा वाढणार म्हणून मोठाच घेतला." मी म्हटलं, "अण्णा, धंदा वाढेल तोवर हा म्हातारा होईल." सर्व्हर काही जमीन नव्हे, पडून राहिला तर त्याचा भाव चढत नाही. वॉरंटी मात्र संपत जाते.

म्हणून खरेदीआधी एका कागदावर दोन रकाने पाडा, जानेवारी आणि मे. प्रत्येकाखाली लिहा: किती माणसं एकाच वेळी बसतात, दिवसाला किती बिलं निघतात, कोणतं काम अर्धा तास बंद पडलं तरी चालतं आणि कोणतं दहा मिनिटंही चालत नाही. जानेवारीच्या रकान्यापुरतं सामान विकत घ्या. मे आणि जानेवारीतला फरक भाड्याने भागवा. कॉम्प्युटर महिन्याच्या भाड्याने मिळतात, सर्व्हरही मिळतो.

क्लाऊड चालू करून विसरणे

इंटरनेटवरून वापरायचा भाड्याचा सर्व्हर म्हणजे क्लाऊड, आणि तिथेही पैसा गळतोच. क्लाऊडचा मीटर तासावर फिरतो. महिन्याचे साधारण ७३० तास. आपलं ऑफिस दिवसाला १० तास आणि महिन्याला २६ दिवस धरलं तर काम होतं २६० तास. बाकीचे ४७० तास सर्व्हर रिकामा चालतो आणि बिल भरायचं आपण. रात्री आपोआप बंद आणि सकाळी आपोआप चालू, असं वेळापत्रक लावता येतं. ते लावायला अर्धा तासही लागत नाही. डिस्कचं भाडं सर्व्हर बंद असतानाही चालूच राहतं, तेवढं गृहीत धरा. पहिल्याच दिवशी बजेटची मर्यादा घालून तिचा इशारा मालकाच्या मोबाईलवर येईल अशी सोय करा.

सर्व्हर कुठल्या गावात आहे तेही बघा. घाईत काही जण यादीतलं पहिलंच नाव निवडतात आणि डेटा जाऊन बसतो अमेरिकेत. ॲमेझॉनचं केंद्र मुंबईत २०१६पासून आहे, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात आहे. इतक्या जवळ सोय असताना बिलाचं प्रत्येक बटण समुद्रापलीकडे पाठवायचं कशाला? धंदा प्रायव्हेट लिमिटेड झाला असेल तर हा नियमाचाही प्रश्न आहे. कंपनीच्या हिशोबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर असावा लागतो आणि १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे.

"टॅली स्लो झालंय"

टॅली म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर. ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो आणि दर वेळी मालक नवीन कॉम्प्युटर घ्यायच्या तयारीत असतो. थांबा. आधी एक करून बघा. सगळ्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क वायरी जिथे जोडलेल्या असतात त्या डब्याला स्विच म्हणतात. त्या स्विचमधून कॅमेऱ्यांची वायर पाच मिनिटं काढा. टॅली पळायला लागलं तर रोग सापडला. सोळा आयपी कॅमेरे, प्रत्येकाचे ४ एमबीपीएस धरले तर ६४ झाले. जुना स्विच १०० एमबीपीएसचा. त्याच वायरवर हिशोब, त्याच वायरवर गेटवरचा कॅमेरा. कॅमेऱ्यांना वेगळा स्विच द्या आणि ऑफिसचा स्विच गिगाबिटचा, म्हणजे दहापट वेगाचा करा. नवीन कॉम्प्युटरच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

त्याने फरक पडला नाही तर वायर तपासा. तांब्याची नेटवर्क वायर १०० मीटरपर्यंतच नीट चालते, आणि आपल्याकडे ती एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये, मोटारींच्या थ्री-फेज वायरीला बांधून नेलेली असते. मोटार चालू झाली की नेटवर्क अडखळतं. दोन शेडच्या मध्ये फायबर टाका. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे वळवाच्या पावसात कडाडलं तरी या शेडचा झटका त्या शेडच्या मशिनला बसत नाही. आणि टॅली वायफायवर चालवू नका. मध्येच वायफाय तुटलं तर डेटा बिघडू शकतो.

कॉम्प्युटरच जुना असेल तरी आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, रॅम ८ जीबी करा. जुन्या वापरलेल्या मशिनचा बाजार वाईट नाही, मी स्वतः घेऊन देतो. एकच अट पाळा: इंटेलचं असेल तर प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ त्याच्या मागच्या पिढ्यांवर अधिकृतपणे चालत नाही. सहाव्या-सातव्या पिढीची मशिनं स्वस्त मिळतात ती याचमुळे.

बॅटरीला ऊन लागतं

यूपीएस घेताना किंमत बघतात, ठेवताना जागा बघत नाहीत. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर प्रत्येक १० अंशांना साधारण निम्मं होतं. पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवलेला यूपीएस म्हणूनच दुसरा उन्हाळा काढत नाही. त्यावर लेझर प्रिंटर लावू नका. तो तापताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस बसतो आणि शेजारचं अर्धवट बिलही जातं. फेब्रुवारीत एकदा सगळ्यांना काम सेव्ह करायला सांगा, मेन स्विच पाडा आणि घड्याळ लावा. कोणता यूपीएस किती मिनिटं टिकला ते त्याच्यावरच लिहून ठेवा.

इंटरनेटच्या दोन लाईन घेतल्या म्हणजे निर्धास्त झालो, असंही नाही. दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असतील तर रस्ता खोदला की दोन्ही एकदमच जातात. दुसरी लाईन ४जी किंवा ५जीची असू द्या.

बॅकअप आहे, पण उघडून कोणी पाहिलाय?

याबद्दल मला खरंच पोटतिडकीने सांगायचंय. एका पेढीत रोज संध्याकाळी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यायचे. शिस्त अगदी चोख होती. पण डिस्क चोवीस तास कॉम्प्युटरला लावलेलीच. घरून काम बघता यावं म्हणून कोणीतरी रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ नंबरचं पोर्ट, म्हणजे बाहेरून कॉम्प्युटरमध्ये यायचं दार, राऊटरमधून थेट उघडून ठेवलं होतं आणि पासवर्ड होता पेढीचं नाव आणि १२३. एका रात्री कोणीतरी आत शिरलं आणि सगळ्या फायलींना कुलूप लावून गेलं. लावलेल्या डिस्कवरच्या बॅकअपलाही. सकाळी त्यांच्या हिशोबनीस ताई स्क्रीनसमोर नुसत्या बसून होत्या. त्यांनी चार महिन्यांची बिलं कागदांवरून पुन्हा चढवली. रोज रात्री नऊपर्यंत बसून. हे पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

ते पोर्ट आजच बंद करा. घरून काम करायचं असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या बंदिस्त खासगी वाटेने करा. बॅकअप घेतल्यावर डिस्क काढून कपाटात ठेवा. दोन डिस्क आलटून पालटून वापरा आणि तिसरी प्रत क्लाऊडवर राहू द्या. पण टॅलीचा चालू डेटा असलेलं फोल्डरच गुगल ड्राईव्हच्या सिंकमध्ये टाकू नका, तो खराब होतो. आधी टॅलीतून बॅकअपची फाईल काढा आणि तीच वर चढवा.

चाव्या कोणाकडे?

डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे? वेबसाईट करून देणाऱ्याच्या नावावर असेल तर भांडण झालं की पत्ताच गेला. कंपनीचा जीमेल कुणाच्या मोबाईलला जोडलाय? १ एप्रिल २०२५पासून ई-वे बिलाच्या लॉगिनला सगळ्यांनाच ओटीपी लागतो. तो ओटीपी सुट्टीवर गावाला गेलेल्या माणसाच्या फोनवर येत असेल तर भरलेला टेम्पो गेटवर उभा राहतो. प्रत्येकाला वेगळं सब-युजर लॉगिन काढून द्या आणि माणूस सोडून गेला की त्याच दिवशी ते बंद करा.

यातलं काहीही मेमध्ये करायला घेऊ नका, तेव्हा कोणालाच उसंत नसते. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकली की जानेवारीचे शेवटचे दिवस आणि फेब्रुवारी हातात असतो. त्यातल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी हिशोबनिसाला बोलवा. सर्व्हरला हात न लावता एका वेगळ्या कॉम्प्युटरवर कपाटातला बॅकअप चढवायला सांगा आणि मागच्या मे महिन्यातलं कोणतंही एक बिल मागा. ते स्क्रीनवर यायला किती वेळ लागला, तेवढं लिहून घ्या.