पवई तलावापासून सुरुवात करा : उपग्रहचित्रांच्या विश्लेषणात करिअर कसं घडवावं

रॉकेट बनवायचंय म्हणणारी मुलं मला दर वर्षी भेटतात. उपग्रह वर गेल्यानंतर जे पाठवतो त्याचं पुढे काय होतं, हे विचारणारी क्वचितच. धरणात पाणी किती उरलं, खारफुटी कुठे तुटली, कोणत्या तालुक्यात पीक आडवं झालं, हे चित्रांतून मोजून सांगणारी माणसं अवकाश कंपन्यांना लागतात. हे काम मुंबईत, घरच्या लॅपटॉपवर शिकता येतं. मी ते ज्या क्रमाने शिकवतो तोच इथे देतो. त्यात पदवी आणि प्रमाणपत्रं बरीच उशिरा येतात, आणि ते मुद्दाम आहे.

पायरी १ : पायी जाता येईल अशी जागा निवडा

नवखी मुलं ॲमेझॉनचं जंगल किंवा हिमालयातल्या हिमनद्या निवडतात. नका निवडू. आकडा चुकला तर तो कुठे चुकला हे तिथे जाऊन बघता येत नाही. पवई तलाव घ्या, आणि प्रश्न एका ओळीत लिहा : मे अखेरीस आणि ऑक्टोबर अखेरीस तलावाचं पाणी किती हेक्टरवर दिसतं?

पायरी २ : चित्रं उतरवून घ्या

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कोपर्निकस डेटा स्पेस या संकेतस्थळावर मोफत मिळतात. खातं उघडा, ढग नसलेल्या दोन तारखा शोधा आणि ‘लेव्हल-२ए’ चित्रं घ्या. त्यांतून वातावरणाचा परिणाम काढलेला असतो. ती उघडायला क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर पुरतं, तेही मोफत आहे.

हे उपग्रह प्रकाश १३ पट्ट्यांत (बँड, म्हणजे वेगवेगळ्या रंगांत) विभागून टिपतात, त्यांतले चार १० मीटरचे. म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० बाय १० मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. चाळीतली दहा बाय दहा फुटांची खोली डोळ्यांपुढे आणा. तशा दहा खोल्या एका ठिपक्यात मावतात. त्यामुळे इथे घर शोधू नका. तलाव, मैदान, शेत शोधा.

पायरी ३ : पाणी वेगळं काढा

पाणी जवळचा अवरक्त (निअर-इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश शोषून घेतं, हिरवी पानं तो जोरात परत पाठवतात. यावरच एनडीडब्ल्यूआय हा पाणी ओळखायचा निर्देशांक उभा आहे. हिरव्या पट्ट्यातून (क्रमांक ३) अवरक्त पट्टा (क्रमांक ८) वजा करा आणि त्या दोघांच्या बेरजेने भागा. शून्याच्या वर ते ढोबळमानाने पाणी. तेवढे ठिपके मोजा. शंभर ठिपके म्हणजे एक हेक्टर.

एक खाचखळगा इथेच सांगतो. २५ जानेवारी २०२२ ला या चित्रांवरच्या प्रक्रियेची पद्धत बदलली आणि तेव्हापासून ठिपक्याच्या प्रत्येक आकड्यात १००० ची भर असते. भागाकाराआधी ते वजा केले नाहीत तर उत्तर बिघडतं. नव्या आणि जुन्या पद्धतीची चित्रं तशीच शेजारी ठेवली, तर तलाव होता तसाच असताना तो बदलल्यासारखा दिसतो.

पायरी ४ : तिथे जा

ही पायरी गाळणारे फार, आणि माझ्या मते सगळं करिअर हिच्यावर उभं राहतं.

तुमचा नकाशा कदाचित सांगेल की तलाव काठाकडून आक्रसला आहे. कांजूरमार्गला उतरा, पवईला जा, काठाने चाला. जिथे नकाशाने जमीन दाखवली तिथे जलपर्णीचा हिरवा गालिचा दिसण्याची शक्यता मोठी आहे. खाली पाणी आहेच. पण उपग्रहाला दिसलं ते पान, आणि पानाने अवरक्त प्रकाश परत पाठवला. सूत्र बरोबर होतं, पण प्रश्न चुकीचा विचारला गेला. आपण पाणी मोजत नव्हतो, उघडं पाणी मोजत होतो.

मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, फोटो काढा, तारीख लिहा. अशी तीस-चाळीस ठिकाणं झाली की त्यांपैकी किती नकाशाशी जुळली ते मोजा. काठावरचे ठिपके अर्धे पाणी अर्धी माती असतात, तिथे चुका होणारच. उंच इमारतींच्या सावल्याही पाणी म्हणून येतात. हिरानंदानीचे टॉवर जवळच आहेत, पडताळून बघा. पुढे ठाणे खाडीची खारफुटी घेतलीत तर चित्राच्या वेळची भरती-ओहोटी आधी बघा. भरतीचं एक चित्र आणि ओहोटीचं दुसरं, अशी तुलना केली तर न तुटलेली झाडंही तुटल्यासारखी दिसतात.

पायरी ५ : पायथन आणि पावसाळा

आता एका चित्रावरून पाच वर्षांच्या चित्रांवर जा. हाताने शक्य नाही, म्हणून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. नमपाय, रास्टेरिओ, जिओपांडाज या तिच्या तयार लायब्ररी, एवढ्यावर सुरुवात होते. जागा बदला : शहापूरजवळचं भातसा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी सर्वाधिक पाणी इथून येतं, आणि पावसाळ्यात त्याची पातळी रोज वर्तमानपत्रात छापून येते. तुमचं क्षेत्रफळ आणि पेपरातली पातळी एका आलेखावर ठेवा. दोन्ही एकत्र चढत नसतील तर चूक शोधा. कसोटी लावायला याहून चांगली फुकटची सोय मला माहीत नाही.

जून ते सप्टेंबर मात्र ढगांमुळे बहुतेक चित्रं पांढरीच निघतील. तिथे रडार लागतं. सेंटिनेल-१ हा युरोपचाच रडार उपग्रह ढगांतून पाहतो. शांत पाणी त्यात काळं दिसतं. डोंगरांच्या सावल्याही काळ्याच दिसतात, म्हणून मे महिन्याचं चित्र शेजारी ठेवा. भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेला. तोही रडारचाच आहे. रडार नीट येणारी मुलं कमी आहेत, म्हणून मी त्यावर जास्त वेळ द्यायला सांगतो.

पायरी ६ : शिक्षण

भूगोल, भूविज्ञान, सिव्हिल, कॉम्प्युटर, कृषी, कुठूनही येता येतं. भूगोलवाल्यांनी संख्याशास्त्र पक्कं करावं, कॉम्प्युटरवाल्यांनी प्रकाश आणि मातीचं भौतिकशास्त्र. देहरादूनच्या इस्रोच्या आयआयआरएस या रिमोट सेन्सिंग (उपग्रहावरून निरीक्षण) शिकवणाऱ्या संस्थेचे ऑनलाइन वर्ग मोफत असतात. एम.टेक. करायचं तर आयआयटी मुंबईचं सीएसआरई हे केंद्र पवईतच आहे. एम.टेक. प्रवेशाच्या गेट परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्सचा (जमिनीचं मोजमाप आणि नकाशे) स्वतंत्र पेपर आहे.

पायरी ७ : अर्ज

पिक्सेल, गॅलॅक्सआय, सॅटशुअर या कंपन्या बंगळुरूच्या, सुहोरा नोएडाची. इस्रोत हैदराबादचं एनआरएससी आणि अहमदाबादचं सॅक ही दोन केंद्रं या कामाची. मुंबईत बँका आणि विमा कंपन्या आहेत, म्हणजे ही माहिती विकत घेणारी बाजू. कर्ज दिलेल्या शेतात पीक उभं आहे का, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. इथून सुरुवात करून पुढे अवकाश कंपनीत जाणं मला कमीपणाचं वाटत नाही. ग्राहकाला काय हवं ते अशा माणसाला आधीच ठाऊक असतं.

बायोडेटासोबत दहा प्रकल्प नकोत. भातसाचा एकच द्या : कोड गिटहबवर (कोड सगळ्यांना बघता येईल असा ठेवायचं संकेतस्थळ), दोन पानी टिपण, एक नकाशा. टिपणात ‘माझं मोजमाप कुठे चुकतं’ असा परिच्छेद हवाच. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो. पाठवण्याआधी नकाशावर चित्राची तारीख, मोजपट्टी आणि नकाशाच्या प्रोजेक्शनचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या पद्धतीचं, नाव (मुंबईसाठी यूटीएम ४३ उत्तर) आहे ना, तेवढं तपासा.