टोंकिनच्या आखाताचं प्रकरण: लष्करी हस्तक्षेपाचा निर्णय कागदपत्रांवरून कसा तपासायचा

साम्यवाद रोखण्यासाठी अमेरिकेने केलेल्या हस्तक्षेपांवर लिहिताना बहुतेक जण धोरणापासून सुरुवात करतात: १२ मार्च १९४७ चं ट्रुमन यांचं भाषण, ग्रीस आणि तुर्कस्तानसाठी ४० कोटी डॉलर, मग डॉमिनो सिद्धान्त (एक देश साम्यवादी झाला की शेजारचेही ओळीने होतील, ही धारणा). ही पार्श्वभूमी हवीच. पण अमुक दिवशी बॉम्बफेकी विमानं का उडाली, हे तेवढ्यावरून उलगडत नाही. त्यासाठी निर्णय घेणाऱ्याच्या हातात कोणत्या तासाला कोणता कागद होता, हे काढावं लागतं. सरावाला ऑगस्ट १९६४ चं टोंकिनच्या आखाताचं प्रकरण (उत्तर व्हिएतनामजवळ अमेरिकी विनाशिकांवर २ आणि ४ ऑगस्टला हल्ले झाल्याचं कळवलं गेलं आणि त्यावरून अमेरिकेने बॉम्बफेक केली) सर्वांत चांगलं, कारण कालावधी छोटा आहे आणि जवळजवळ सगळे कागद आता खुले आहेत.

मुख्य साधन म्हणजे अमेरिकी परराष्ट्र खात्याची ‘फॉरिन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ ही ग्रंथमाला. अभ्यासक तिला ‘फ्रस’ म्हणतात. १९६४–१९६८ या मालिकेतला पहिला खंड, ‘व्हिएतनाम, १९६४’, खात्याच्या इतिहास कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. जोडीला पेंटागॉन पेपर्स, म्हणजे व्हिएतनामवरचा संरक्षण खात्याचा गुप्त अहवाल, घ्या. ते १९७१ साली तुकड्यातुकड्यांनी फुटले, पण अधिकृतपणे पूर्ण खुले झाले २०११ मध्ये, त्यामुळे जुन्या छापील आवृत्तीवर विसंबू नका.

आता एक तक्ता आखा. रकाने सहा: ग्रिनिच वेळ, व्हिएतनामची वेळ, वॉशिंग्टनची वेळ, कोणाकडून कोणाला, मजकूर, आणि माहिती कशी मिळाली. शेवटचा रकाना टाळू नका. डोळ्यांनी पाहिलं, रडारवर दिसलं, सोनारवर (पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर) ऐकू आलं, शत्रूचा संदेश पकडला की दुसऱ्याकडून कळलं, यांतलं एकच काहीतरी तिथे लिहायचं. ३० जुलै ते १० ऑगस्ट एवढीच मुदत धरा.

सर्वाधिक चुका वेळेत होतात. नौदलाच्या तारेवर ०४१७२७झेड असा आकडा दिसतो. पहिले दोन अंक तारीख, पुढचे चार वेळ, ‘झेड’ म्हणजे ग्रिनिच. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनसाठी ४ तास वजा करायचे, उत्तर व्हिएतनामसाठी ७ तास मिळवायचे. म्हणजे ही तार वॉशिंग्टनच्या घड्याळात ४ ऑगस्टच्या दुपारी १:२७ ची आणि हनोईच्या घड्याळात ५ ऑगस्टच्या रात्री १२:२७ ची. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगावचं घड्याळ तेव्हा ग्रिनिचच्या ८ तास पुढे होतं, हनोईच्या नव्हे. हा एक तासाचा फरक निसटला की कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. शिवाय तार पाठवल्याची वेळ वेगळी आणि पोचल्याची वेगळी. तक्त्यात नोंद पोचल्याच्या वेळेने करा. न पोचलेल्या तारेवरून कोणी निर्णय घेत नाही. पोचल्याची वेळ मिळालीच नाही तर पाठवल्याची लिहून शेजारी खूण करा.

हीच तार नीट वाचा. ‘मॅडॉक्स’ आणि ‘टर्नर जॉय’ या विनाशिकांवर त्या रात्री हल्ला झाल्याचं कळवल्यानंतर तिथले प्रमुख कॅप्टन जॉन हेरिक लिहितात की अनेक टॉर्पेडो आणि संपर्क (रडार-सोनारवर टिपलेल्या खुणा) संशयास्पद वाटतात, विचित्र हवामान आणि अतिउत्साही सोनारवाला हे कारण असू शकतं, ‘मॅडॉक्स’वरून प्रत्यक्ष डोळ्यांना काही दिसलेलं नाही, पुढचं पाऊल टाकण्याआधी पूर्ण पडताळणी व्हावी. अध्यक्ष जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून प्रत्युत्तराची घोषणा केली ती त्याच रात्री साडेअकरानंतर. मधे दहा तास होते.

इथे पुष्कळ जण थांबतात आणि निष्कर्ष ठोकून देतात. थांबू नका. हेरिक यांनी नंतर दुसरी तार केली: सुरुवातीचा दबा खरा होता, त्यानंतरचं चित्र मात्र गोंधळाचं आहे. पहिली तार उद्धृत करून दुसरी गाळणं ही अप्रामाणिक मांडणी होते, मग आपला कल कुठलाही असो. दोन्ही नोंदवा, आणि मगच विचारा की संरक्षणमंत्री मॅकनमारा यांची शंका कशाने मिटली. उत्तर शेवटच्या रकान्यात सापडतं: पकडलेल्या संदेशांनी. एनएसए या गुप्तचर संस्थेचे इतिहासकार रॉबर्ट हॅन्योक यांचा लेख २००५ च्या अखेरीस खुला झाला. त्यांनी दाखवलं की ४ तारखेचा पुरावा मानलेले संदेश वेगळ्याच गोष्टींविषयी होते. त्यांत २ ऑगस्टच्या चकमकीत नुकसान झालेल्या बोटी ओढून नेण्याची भाषा होती. २ तारखेचा हल्ला खरा होता, ४ तारखेचा झालाच नाही. या दोन तारखा एकत्र करून ‘टोंकिन खोटं होतं’ असं लिहू नका.

तक्त्यात मागेही जा. ३०–३१ जुलैच्या रात्री ‘३४-ए’ या गुप्त मोहिमेतल्या दक्षिण व्हिएतनामी बोटींनी होन मे आणि होन न्गू या बेटांवर मारा केला होता. काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, ही गोष्ट उघड मांडली गेली नाही. ७ ऑगस्टला अध्यक्षांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव प्रतिनिधीगृहात ४१६–० आणि सिनेटमध्ये ८८–२ मतांनी संमत झाला. विरोधात फक्त वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग. मत देणाऱ्यांसाठी वेगळा रंग वापरा: ज्या नोंदी त्यांच्यापर्यंत पोचल्या त्यांवर एक, न पोचलेल्यांवर दुसरा. पान रंगवून झालं की ती मतं कशी पडली हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रत्येक दस्तऐवजाची पहिली तळटीप आधी वाचा. मूळ कागद कोणत्या संग्रहात आहे, गोपनीयतेचा शिक्का कोणता, मसुदा कोणाचा, हे तिथे असतं. ‘नोडिस’ शिक्का म्हणजे मोजक्याच लोकांनी पाहिलेला कागद, तेव्हा तो साऱ्या खात्याला माहीत होता असं गृहीत धरू नका. चौकटी कंसात ‘एक ओळ खुली केलेली नाही’ असं दिसलं तर तेही तक्त्यात उतरवा.

छापील खंड म्हणजे पूर्ण सत्य, हा भ्रम ग्वाटेमालाने मोडला. १९५४ च्या सत्तापालटाचा काळ येणारा खंड १९८३ मध्ये निघाला, त्यात सीआयएची भूमिकाच नव्हती. त्यावरून आणि इराणमधल्या १९५३ च्या सत्तापालटाच्या खंडावरून ओरड झाल्यावर १९९१ साली ‘फ्रस’साठी कायदा झाला. ग्वाटेमालाचा पूरक खंड २००३ मध्ये आला, इराणचा २०१७ मध्ये. म्हणून खंडाचं प्रकाशनवर्ष आधी पाहा आणि पूरक खंड आहे का ते शोधा.

समोरची बाजू अमेरिकी कागदांत फार त्रोटक मिळते. चीन, सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपच्या दस्तऐवजांचे इंग्रजी अनुवाद विल्सन सेंटरच्या डिजिटल संग्रहात आहेत. त्यांनाही हेच सहा रकाने लावा.

हात बसला की १९६१–६३ मालिकेचा एकोणिसावा खंड, ‘दक्षिण आशिया’, उघडा. त्यात डिसेंबर १९६१ च्या गोवा मुक्तीवेळचे अमेरिकी कागद आहेत. तिथे भारतीय वेळेसाठी ग्रिनिचमध्ये साडेपाच तास मिळवायचे, आणि डिसेंबर असल्याने वॉशिंग्टनसाठी ४ नव्हे, ५ तास वजा करायचे.