रानात पक्षी दिसत नाहीत? भृंगराजाचा आवाज धरा

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, कर्नाळ्यासारख्या दाट रानात तासभर चालूनही एक पक्षी धड दिसत नाही, अशी बऱ्याच जणांची तक्रार असते. या दिवसांत बरेच छोटे पक्षी मिश्र थव्यांनी फिरतात. थवा असेल तिथे झाडभर गडबड, बाकी रान सुनं. म्हणून एकेक पक्षी हुडकण्यापेक्षा थवा गाठावा.

१. सकाळी १०च्या आत जा. ऊन चढलं की हालचाल मंदावते.

२. शंभरेक पावलं चालून थांबा आणि २ मिनिटं नुसतं ऐका. भृंगराजाची खणखणीत, धातूसारखी शीळ आली की तिकडे वळा. काळा पक्षी, शेपटीला दोन लांब तारा, टोकाला पिसांचे झुपके. थव्यामुळे उडालेले किडे टिपायला तो सोबत असतो. मात्र हा पठ्ठ्या पक्का नकलाकार आहे, शिक्रा या शिकारी पक्ष्याचा आवाजही हुबेहूब काढतो! तेव्हा आवाज ऐकून लगेच वहीत नोंद करू नका.

३. थव्यामागे धावू नका. तो कुठे सरकतोय ते पाहून थोडं पुढे जा, बुंध्याला टेकून उभे राहा. निखार, नाचण, सुतार, खोडावर उलटा उतरणारा शिलींध्री असे एकेक जण डोक्यावरून जातात.

४. पक्षी दिसला की नजर तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांशी आणा. खाली पाहिलंत की गेला.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. त्यांचं खाणं सुटतं, आणि थवाही पांगतो.