फोटोग्राफीची केमिस्ट्री शिकायची असेल तर नागपूरचं ऊन वापरा

एमएस्सीला आलेली बरीच पोरं विचारतात की फोटोकेमिस्ट्री (प्रकाशाने होणाऱ्या रासायनिक क्रिया) अन् डाय (रंगद्रव्यं) हा विषय घ्यायचा का, फिल्म तर गेली, मग आता उपयोग काय. मी म्हणतो नक्की घ्या, फक्त पुस्तकातल्या आकृत्यांपासून सुरू करू नका, आधी स्वतःच्या हाताने एक सायनोटाइप, म्हणजे उन्हाने छापलेलं निळं चित्र, काढा.

ही पद्धत इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलची, 1842 ची. एका बाटलीत 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट (हिरवं मागा), दुसरीत तेवढ्याच पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, वापरताना दोन्ही सारखं मिसळायचं, पडदे लावून साध्या पिवळ्या बल्बखाली जाड कागदावर ब्रशने लावायचं आणि अंधारात सुकवायचं. वर कडुनिंबाची डहाळी, त्यावर फोटोफ्रेमची काच, अन् चला गच्चीवर. मे महिन्यात आपल्याकडे काही मिनिटांतच पिवळट हिरवा कागद निळसर होतो, मग राखाडी, मग कांस्यासारखा. निळा दिसला की लोक लगेच उचलतात, तसं करू नका, कारण धुताना बराच रंग उतरतो. होतं काय तर उन्हातल्या अल्ट्राव्हायोलेटने फेरिक लोखंडाचं फेरस होतं, ते फेरिसायनाइडला भेटून प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग बनतो, आणि जिथे ऊन लागलं नाही तिथलं पाण्यात निघून जातं. बोअरचं पाणी असेल तर चिमूटभर सायट्रिक ॲसिड टाका, प्रशियन ब्लूला अल्कली सोसत नाही. फेरिसायनाइडजवळ तीव्र ॲसिड मात्र कधीच आणायचं नाही, त्यातून हायड्रोजन सायनाइडचा विषारी वायू निघू शकतो.

यानंतर सिल्व्हरच्या फिल्मकडे या. डी-76 डेव्हलपर (फिल्मवरचं न दिसणारं चित्र उमटवणारं द्रावण) विकतचा आणू नका, स्वतः बनवा: लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100, हायड्रोक्विनोन 5, बोरॅक्स 2. मेटॉल आधी विरघळवायचं, सल्फाइटचं दाट द्रावण झाल्यावर ते नीट विरघळतच नाही. उन्हाळ्यात टाकीचं पाणी इतकं तापलेलं असतं की 20 अंशांवर काम करायचं तर बर्फ लागतोच, आणि डेव्हलपर थंड पण धुवायचं पाणी गरम असं झालं तर फिल्मवरच्या जिलेटिनच्या थराला बारीक सुरकुत्या पडतात, म्हणून सगळी पाणी एकाच तापमानाची ठेवा.

खरी मजा डायमध्ये आहे. फिल्ममधलं प्रकाश टिपणारं सिल्व्हर ब्रोमाइड नुसतं निळा आणि अल्ट्राव्हायोलेट प्रकाशच घेतं, हिरवा-लाल त्याला दिसतच नाही. 1873 मध्ये बर्लिनच्या फोगेलने दाखवलं की प्लेटमध्ये योग्य डाय असेल तर ती हिरव्यालाही दाद देते. डाय प्रकाश शोषतो, त्याचा इलेक्ट्रॉन क्रिस्टलमध्ये जातो, काम तिथे होतं. आता हेच वाक्य टायटेनियम डायऑक्साइडला लावा, झाला ओ'रेगन आणि ग्रेट्झेल या शास्त्रज्ञांचा 1991 चा, डायवर चालणारा सोलर सेल! मला ही गोष्ट आजही तेवढीच भारी वाटते.

प्रोजेक्ट यावरच करा. नागपूरची पोरं हमखास संत्र्याचा रंग घेऊन येतात, पण त्यातल्या बीटा-कॅरोटीनकडे टायटेनियम डायऑक्साइडला धरून ठेवायला कार्बोक्सिल किंवा हायड्रॉक्सिल गटच नाही, त्यापेक्षा जांभळाची साल घ्या, त्यातलं अँथोसायनिन हे जांभळं रंगद्रव्य पकडून बसतं. गाइडकडे विषय मांडायला जाताना त्या सालीच्या अर्काचा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) सोबत न्या, म्हणजे बोलणं मुद्द्यावर येतं. पुढे फोटोरेझिस्ट (चिप बनवताना वापरतात तो प्रकाशाने बदलणारा थर), यूव्ही इंक (अल्ट्राव्हायोलेटने सुकणारी शाई), जुन्या निगेटिव्हचं जतन, कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न तोच राहतो की कोणती तरंगलांबी कोण शोषतंय.

आणि वापरलेला फिक्सर (फिल्मवरचं उरलेलं सिल्व्हर ब्रोमाइड काढून टाकणारं द्रावण) बेसिनमध्ये ओतू नका रे, त्यात सिल्व्हर असतं, वेगळ्या कॅनमध्ये साठवून डिपार्टमेंटच्या वेस्टमध्ये द्या.