रंगमंचावर पडायचं कसं? हशा हवा, प्लास्टर नको

विनोदी नाटकात ऐटीत चाललेला माणूस ढुंगणावर आपटतो आणि थिएटर हसतं. इंग्रजी बोलीत या पडण्याला ‘प्रॅटफॉल’ म्हणतात. त्यातलं ‘प्रॅट’ म्हणजे ढुंगणच. चारचौघांत झालेल्या फजितीलाही हाच शब्द लावतात. इथं मात्र खरोखरच्या पडण्याचं बघू, कारण हौशी नाटकांच्या तालमीत मनगटं दुखावतात ती यातच.

सरावाला माती उत्तम. केशवराव भोसले नाट्यगृहाला खेटून खासबागेचं कुस्ती मैदान असलेल्या या कोल्हापुरात ती मिळायला अडचण नाही. वस्तादांना विचारून दुपारी, पैलवान नसताना, आखाड्याच्या हौद्यात उतरा. माती आधी फावड्यानं उकरून घ्या. दबलेली माती फरशीसारखीच लागते. माती नसेल तर दोन इंच जाडीची मॅट. सिमेंटच्या फरशीवर नुसती सतरंजी टाकून सराव करू नका.

पहिल्यांदा उकिडवे बसा. हनुवटी छातीला टेकवा, पाठ गोल करा आणि मागे लोळा. डोकं जमिनीला लागता कामा नये. पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, तळव्यापासून कोपरापर्यंत सपाट, जमिनीवर आपटायचे आणि श्वास सोडायचा. श्वास कोंडून ठेवला की पाठीला दणका जास्त बसतो. शिवाय हातांच्या त्या फटक्यानंच ‘धप्प’ आवाज येतो. प्रेक्षकाला वाटतं माणूस आदळला. आदळलेले असतात फक्त हात.

हे अंगवळणी पडल्यावर उभ्यानं. डाव्या पायावर भार घ्या, उजवा पाय समोर फेका आणि तो वर जात असतानाच डावा गुडघा वाकवत खाली बसत जा. प्रेक्षकाची नजर उडालेल्या पायाकडे जाते, तोवर तुमची बैठक जमिनीपासून वीतभरावर आलेली असते. टेकायचं एका कुल्ल्याच्या मांसल भागावर, जरा तिरकं. सरळ मध्यावर बसलात तर माकडहाड ठेचतं आणि ते दुखणं कित्येक आठवडे पुरतं.

सगळ्यात घातक सवय म्हणजे मागं हात टेकणं. कोपर ताठ ठेवून हात मागे गेला की अंगाचा सगळा भार मनगटावर येतो आणि हाड मोडतं. ही ऊर्मी उपजत असल्यामुळं पडण्याआधी हात वर किंवा पुढे उडवायचे. दिसायलाही ते जास्त मजेशीर दिसतं. नट मुळात पैलवान असेल तर त्याची अडचण वेगळी. पाठ लागली की कुस्ती गेली, हे अंगात मुरलेलं असल्यानं तो पडता पडता पालथा होतो. त्याला चितपट व्हायला नव्यानं शिकवावं लागतं.

खुर्ची ओढून पाडण्याच्या प्रसंगात जास्त धोका. खुर्ची जेमतेम वीतभर सरकवली तर तिची कडा पाठीत किंवा डोक्यात बसते. ती निदान तीन फूट लांब, शक्यतो बाजूला न्यायची. ओढणाऱ्यानं खूण ठरलेली असल्याशिवाय हात लावायचा नाही. ‘खरी दचकण्याची रिअ‍ॅक्शन मिळेल’ म्हणून न सांगता खुर्ची ओढणारा दिग्दर्शक असेल, तर त्याला आधी स्वतः पडून दाखवायला सांगा.

कोल्हापुरी चपलेचा चामडी तळ पॉलिश केलेल्या फळ्यांवर आपणहून घसरतो, त्यामुळं पडणं तुमच्या हाती राहत नाही. तळ पॉलिशपेपरनं खरवडून घ्या. धोतर असेल तर आत फोमची जाड चड्डी सहज लपते. मागच्या खिशात मोबाइल, किल्ल्या काही नको.

पडायचं प्रेक्षकांना आडवं, म्हणजे अंगाची पूर्ण रेघ दिसते. पाय प्रेक्षकांकडे केले तर पहिल्या रांगेला फक्त तळवे दिसतात. पडण्याआधी पायाखाली बघू नका, नाहीतर हशा तिथंच मेला. आणि पडल्यावर लगेच उठू नका, विव्हळू तर नकाच. माणसाला खरंच लागलंय असं वाटलं की लोक हसायचे थांबतात. क्षणभर तसंच पडून राहा, टोपी नीट करा, आणि मग मुद्दाम तिथं बसायचंच होतं अशा थाटात अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करा.